कर्ज देणाऱ्याची जबाबदारी : मणिबेली ते मुंद्रा

खानदेशांतील शेतकऱ्याला सावकार नवा नाहीं. घेतलेलें कर्ज फेडलें पाहिजे हा न्याय त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. परंतु कर्ज देणाऱ्यानेंहि कांहीं उत्तर दिलें पाहिजे, त्याच्या पैशानें कोणाचें घर उभें राहिलें आणि कोणाचें मोडलें याचा जाब त्याला विचारतां आला पाहिजे, हा दुसरा न्याय फार उशिरानें उदयास आला. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. त्यानंतर चार वर्षांनीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, व त्यानें न्यायाधीशाला रोख्यावरील आंकड्यापाशीं न थांबतां रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. गेल्या चाळीस वर्षांत याच तत्त्वाचा एक मोठा प्रयोग जगाच्या व्यासपीठावर झाला. त्यांत सावकाराच्या जागीं बलाढ्य सार्वजनिक बँका होत्या; आणि रोख्याच्या मागें जाण्याचा आग्रह धरणारांत खानदेशच्या उत्तर सीमेवरील, सातपुड्याच्या कुशींतील आदिवासी अग्रभागीं होते.

सार्वजनिक विकास बँक म्हणजे जिचें भांडवल सरकारांच्या तिजोरींतून, म्हणजे अखेरीस करदात्यांच्या खिशांतून आलेलें असतें अशी बँक. अशा बँकांत अग्रगण्य ती जागतिक बँक. जुलै १९४४ मध्यें अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें भरलेल्या परिषदेंत तिची योजना ठरली, व १९४६ सालीं तिचें काम सुरू झालें. हिंदुस्थान हा तिच्या मूळ सभासदांपैकीं एक होय. १९४९ च्या ऑगस्टांत आपल्या रेल्वेसाठीं तिनें ३ कोटी ४० लक्ष डॉलरांचें पहिलें कर्ज दिलें. पुढच्याच वर्षीं दामोदर खोऱ्यांतील बोकारो येथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रासाठीं आणखी १ कोटी ८५ लक्ष डॉलर मंजूर झाले. मुंबईनजीकच्या तुर्भें येथील टाटांच्या औष्णिक वीजकेंद्रालाहि १९५४ सालीं याच बँकेचें कर्ज मिळालें. त्या काळीं कोळसा म्हणजे प्रकाश, धरण म्हणजे धान्य, आणि या दोहोंसाठीं मिळणारें कर्ज म्हणजे प्रगति, असा सर्वांचा सरळ हिशेब होता. त्यांत खोटें कांहीं नव्हतें. अपुरें मात्र पुष्कळ होतें. ज्यांच्या जमिनी जात, ज्यांची वस्ती उठे, त्यांचें नांव त्या हिशेबाच्या कोणत्याहि रकान्यांत नसे.

हा रकाना प्रथम भरावयास लावला तो नर्मदाकांठच्या लोकांनीं. नर्मदेच्या पाण्याचा आंतरराज्यीय वाद मिटविण्यासाठीं १९६९ सालीं लवाद नेमला गेला, व डिसेंबर १९७९ मध्यें त्याचा अंतिम निवाडा प्रसिद्ध झाला. गुजरातमधील सरदार सरोवर धरणाची उंची ४५५ फूट ठरली. बुडितांत मध्यप्रदेशांतील १९३, गुजरातमधील १९ आणि महाराष्ट्रांतील ३३ गांवें यावयाचीं होतीं. महाराष्ट्रांतील हीं तेहतीस गांवें तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं. १९९८ च्या जुलैपासून तीं नंदुरबार जिल्ह्यांत मोडतात. बुडिताच्या वाटेवरचें महाराष्ट्राचें पहिलें गांव मणिबेली. डोंगरउतारावर विखुरलेलीं लांकडी कुडाचीं घरें, पायथ्याशीं वाहणारी नर्मदा, आणि जवळच शूलपाणेश्वराचें पुरातन देवालय, असें हें खेडें होतें. तेथें जावयाचें तर चांगला रस्ताहि नव्हता. पण याच खेड्याचें नांव पुढें वॉशिंग्टनच्या सभागृहांत वारंवार उच्चारलें जावयाचें होतें.

१९८५ सालीं जागतिक बँकेनें या धरणासाठीं व त्याच्या कालव्यासाठीं एकूण ४५ कोटी डॉलरांचें साहाय्य मंजूर केलें. लवादाच्या निवाड्यानें जमीन जाणाऱ्या कुटुंबास किमान पांच एकर ओलिताची जमीन द्यावी असें म्हटलें होतें. कागदावर ही तरतूद उदार होती. परंतु सातपुड्यांतील भिल्ल, पावरा व तडवी कुटुंबें पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसत आलीं, तिचा मोठा भाग सरकारदप्तरीं वनजमीन म्हणून नोंदलेला होता. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं तो जमीनधारक नाहीं, आणि जो जमीनधारक नाहीं त्याला जमिनीच्या बदल्यांत जमीन कशी मिळावी, हा पेंच होता. शिवाय नवी जमीन कोठें, किती व कधीं मिळणार, याचें निश्चित उत्तर कोणत्याहि कचेरींत मिळत नव्हतें.

याच सुमारास श्रीमती मेधा पाटकर या खोऱ्यांत आल्या व गांवोगांव पायीं फिरूं लागल्या. प्रथम महाराष्ट्रांत नर्मदा धरणग्रस्त समिति उभी राहिली. तिन्ही राज्यांतील संघटना एकत्र येऊन पुढें नर्मदा बचाओ आंदोलन झालें. आरंभीं लोकांची मागणी साधी होती: माहिती द्या, मोजणी दाखवा, जमीन दाखवा. हा प्रश्न तालुक्याच्या कचेरींतून जिल्ह्याच्या कचेरींत व तेथून राज्याच्या राजधानींत गेला, आणि समाधान न होतां परत आला. तेव्हां तो कर्ज देणाऱ्याच्या दारीं नेण्यांत आला. या वळणाचें महत्त्व ध्यानीं घेतलें पाहिजे. प्रकल्पामुळें उठविल्या जाणाऱ्या लोकांचें नीट पुनर्वसन झालें पाहिजे असा नियम बँकेनें स्वतःच १९८० सालीं केला होता, व आदिवासींच्या रक्षणाविषयीं दुसरा नियम १९८२ सालीं. आंदोलनानें बँकेकडे दया मागितली नाहीं. तुमचाच नियम तुम्ही पाळतां कीं नाहीं, एवढेंच विचारलें.

बँक सभासद सरकारांच्या पैशावर चालते, म्हणून हा प्रश्न त्या सरकारांच्या करदात्यांपुढेंहि मांडण्यांत आला. सप्टेंबर १९८९ मध्यें मध्यप्रदेशांतील हरसूद येथें हजारों लोकांचा मेळावा भरला. पुढच्याच महिन्यांत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढें श्रीमती पाटकर यांची साक्ष झाली. ज्या लोकसभागृहाच्या मंजुरीनें बँकेला पैसा जातो, त्याच सभागृहांत सातपुड्याच्या खेड्यांची कैफियत वाचली गेली. १९९० सालीं जपानमधील लोकमताच्या दडपणानें तेथील सरकारनें धरणाच्या वीजयंत्रांसाठीं द्यावयाचें पुढील कर्ज थांबविलें. त्या वर्षाच्या अखेरीस बाबा आमटे व मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालीं संघर्षयात्रा निघाली, ती गुजरातच्या सीमेवर अडविली गेली, व जानेवारी १९९१ मध्यें तेथें बावीस दिवसांचें उपोषण घडलें.

अखेर जून १९९१ मध्यें बँकेनें आपल्या इतिहासांत पूर्वीं कधींहि न केलेली गोष्ट केली. स्वतः कर्ज दिलेल्या, चालूं असलेल्या प्रकल्पाची चौकशी तिनें बाहेरच्या माणसांकडे सोंपविली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स हे या समितीचे अध्यक्ष, व कॅनडाचे न्यायविद् टॉमस बर्जर हे उपाध्यक्ष. जून १९९२ मध्यें त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुनर्वसनाची तयारी अपुरी आहे, आहे त्या परिस्थितींत सर्व विस्थापितांचें पुनर्वसन होणें शक्य नाहीं, पर्यावरणाच्या परिणामांचा विचार नीट झालेला नाहीं, व बँकेनें मागें सरून सर्व गोष्टींचा नव्यानें विचार करावा, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑक्टोबरांत बँकेच्या संचालक मंडळांत यावर मतें घेण्यांत आलीं. अमेरिका, जर्मनी, जपान यांसारख्या मोठ्या भागीदारांच्या संचालकांनीं कर्ज चालूं ठेवण्यास विरोध केला. तरी बहुमतानें कर्ज चालूं राहिलें, मात्र सहा महिन्यांत पुऱ्या करावयाच्या अटींवर. ती मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीं, ३० मार्च १९९३ रोजीं, भारत सरकारनें उरलेल्या सुमारें १७ कोटी डॉलरांच्या कर्जाची आवश्यकता नसल्याचें बँकेस कळविलें.

येथें विजयाचा नगारा वाजवून गोष्ट संपविणें सोपें आहे, पण तें सत्यास धरून होणार नाहीं. बँक गेली, पाणी मात्र आलें. १९९३ च्या पावसाळ्यांतच मणिबेलींतील घरें बुडालीं. शूलपाणेश्वराचें देवालयहि पुढें पाण्याखालीं गेलें. गुजरातनें जनतेकडून रोख्यांच्या रूपानें पैसा उभारून काम पुढें चालविलें. ऑक्टोबर २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बांधकामास अनुमति दिली, आणि सप्टेंबर २०१७ मध्यें पूर्ण उंचीच्या धरणाचें लोकार्पण झालें. कच्छ व सौराष्ट्र येथील तहानलेल्या गांवांना त्याचें पाणी मिळालें हेंहि खरें आहे. बँकेच्या माघारीवर एक आक्षेप तेव्हांच घेतला गेला. बँक होती तोंवर तिच्या अटी होत्या, ती गेल्यावर अटीहि गेल्या. रोखे विकत घेणाऱ्या सामान्य माणसाला विस्थापितांचा विचार करण्याचें बंधन नव्हतें. हा आक्षेप पोकळ नाहीं. मणिबेलीच्या माणसाला प्रत्यक्ष मिळालें तें दुसरीकडे दिलेल्या जमिनीचा तुकडा, आणि तोहि वर्षानुवर्षें झगडून.

तथापि मणिबेलीनें जगाला जें दिलें तें लहान नव्हतें. सप्टेंबर १९९३ मध्यें जागतिक बँकेनें स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केलें. बँकेच्या पैशानें चाललेल्या कामामुळें ज्यांचें नुकसान होतें अशा सामान्य लोकांना, आपल्या सरकारच्या मध्यस्थीवांचून, थेट तक्रार करण्याचा हक्क त्यायोगें प्रथमच मिळाला. रोख्याच्या मागें जाण्याची वाट ती हीच. १९९४ सालीं ४४ देशांतील ३२६ संस्थांनीं मोठ्या धरणांच्या कर्जावर स्थगिति मागणारें जें जाहीरपत्र काढलें, त्याला मणिबेली जाहीरनामा असें नांव पडलें. अक्कलकुवा तालुक्यांतील एका बुडालेल्या खेड्याचें नांव अशा रीतीनें जगाच्या अर्थकारणाच्या इतिहासांत नोंदलें गेलें. त्यानंतर नेमलेल्या जागतिक धरण आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्यें प्रसिद्ध झाला. त्या आयोगावर श्रीमती पाटकर याहि सभासद होत्या.

धरणांपासून हा प्रश्न कोळसा, तेल व वायु यांकडे वळला. महाराष्ट्रांतील पहिलें ठळक उदाहरण दाभोळचें. गुहागर तालुक्यांत एन्रॉन कंपनीनें योजिलेल्या प्रचंड वीजकेंद्रास कर्ज देण्याचें जागतिक बँकेनें १९९३ सालीं नाकारलें. कारण पर्यावरणाचें नव्हतें, हिशेबाचें होतें: आयात वायूवरची ही वीज राज्याला परवडणार नाहीं, असें तिचें मत पडलें. परंतु अमेरिकेची निर्यात बँक व परदेशी गुंतवणुकीची सरकारी संस्था, तसेंच आपल्याकडील औद्योगिक विकास बँक व स्टेट बँक यांनीं पैसा पुरविला. गांवकऱ्यांनीं विरोध केला, त्यांवर पोलिसी कारवाई झाली. २००१ च्या मे महिन्यांत केंद्र बंद पडलें, व डिसेंबरांत अमेरिकेंतील मूळ कंपनीचेंच दिवाळें निघालें. एका सावकारानें विवेक दाखविला तरी शेजारचा सावकार थैली मोकळी करतो, हा धडा दाभोळनें घालून दिला.

दुसरें उदाहरण सिंगरौलीचें. उत्तरप्रदेश व मध्यप्रदेश यांच्या सीमेवरील या कोळशाच्या पट्ट्यांत रिहंद धरणानें एकदां उठविलेलीं कुटुंबें खाणी व वीजकेंद्रें यांसाठीं पुन्हां उठविलीं गेलीं. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाला जागतिक बँकेनें १९९३ सालीं दिलेल्या ४० कोटी डॉलरांच्या कर्जासंबंधीं तेथील लोकांनीं १९९७ मध्यें नव्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मणिबेलीनें उघडलेल्या दारांतून कोळसाग्रस्त आंत शिरले ते असे.

याच काळांत प्रश्नाचें स्वरूपहि बदललें. कोळशाचा धूर जवळच्या शेतावर पडतो एवढेंच आतां राहिलें नव्हतें. सर्व पृथ्वीचें तपमान वाढत आहे व पाऊसमान बिघडत आहे, हें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. इंडोनेशियाचे माजी मंत्री एमिल सलीम यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशीनें २००४ सालीं बँकेस स्पष्ट सल्ला दिला कीं, कोळशाला कर्ज देणें ताबडतोब आणि तेलाला देणें २००८ पर्यंत थांबवावें. बँकेनें तो मानला नाहीं. उलट २०१० मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील मेदुपी येथील कोळशाच्या वीजकेंद्रासाठीं मोठें कर्ज दिलें. मात्र दडपण वाढत गेलें. २०१३ मध्यें बँकेनें अपवाद वगळतां कोळशाच्या वीजकेंद्रांना कर्ज न देण्याचें ठरविलें, व तेल आणि वायु यांच्या उत्खननाला २०१९ नंतर कर्ज न देण्याची घोषणा २०१७ मध्यें केली. युरोपीय गुंतवणूक बँकेनें नोव्हेंबर २०१९ मध्यें याहून पुढचें पाऊल टाकलें. २०२० सालीं जगांतील सुमारें ४५० सार्वजनिक विकास बँकांची पहिली परिषद पॅरिस येथें भरली. जगांतील एकूण गुंतवणुकीचा सुमारें दहावा हिस्सा या बँकांच्या हातीं असल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. २०२१ मध्यें चीननें परदेशांत नवीं कोळसाकेंद्रें न बांधण्याचें जाहीर केलें, आशियाई विकास बँकेनें कोळशाचें कर्ज बंद केलें, आणि ग्लासगो येथें तीसांहून अधिक देशांनीं परदेशांतील अशा प्रकल्पांना सरकारी पैसा न देण्याचें वचन दिलें. भारतानें त्या पत्रावर सही केली नाहीं.

या साऱ्यांत न्यायालयीन दृष्ट्या महत्त्वाचा लढा कच्छमधील मुंद्र्याचा. तेथील ४००० मेगावॅटच्या टाटा वीजकेंद्राला जागतिक बँकेच्या कुटुंबांतील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानें २००८ मध्यें ४५ कोटी डॉलर दिले होते. या केंद्रांतील विजेचा कांहीं वांटा महाराष्ट्राच्याहि पदरीं आहे. समुद्रांत सोडलेल्या कढत पाण्यानें मासळी हटली व कोळशाच्या धुळीनें सुकत घातलेली मासळी बिघडली, अशी कोळ्यांची तक्रार. महामंडळाच्याच तक्रार-अधिकाऱ्याच्या २०१३ च्या अहवालानें महामंडळाचे दोष दाखविले. पण त्यांतून भरपाई निघेना. तेव्हां कोळी वॉशिंग्टनच्या न्यायालयांत गेले. अशा संस्थांवर दावाच चालत नाहीं हा बचाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१९ मध्यें सात विरुद्ध एक मतानें फेटाळला. तत्त्व जिंकलें, तथापि पुढें खालच्या न्यायालयांनीं, तक्रारीचा गाभा भारतांत घडला, अमेरिकेंत नव्हे, या कारणावरून दावा काढून टाकला, व २०२२ मध्यें ती वाट बंद झाली.

या चळवळीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा कीं, ज्या देशांनीं दोनशें वर्षें कोळसा जाळून वैभव मिळविलें, तेच आतां गरीब देशांना कोळशासाठीं कर्ज नाकारतात. या बोलण्यांत सत्य आहे, आणि तें झिडकारून चालणार नाहीं. रावेर-यावलच्या केळीच्या बागांना रात्रीची वीज मिळाली नाहीं तर काय होतें, हें खानदेशांत कोणाला सांगावयास नको. परंतु त्याच आक्षेपांतून दुसरी मागणीहि निघते. कोळशाचें कर्ज बंद करावयाचें, तर सूर्य व वारा यांपासून होणाऱ्या विजेसाठीं तितकेंच मुबलक व स्वस्त कर्ज दिलें पाहिजे. नुसता नकार म्हणजे न्याय नव्हे. शिवाय नकारहि कायम टिकतो असें नाहीं. जून २०२५ मध्यें जागतिक बँकेनें अणुविजेवरील आपली जुनी बंदी उठविली, तेव्हां वायूच्या उत्खननाचा प्रश्नहि पुन्हां निघाला होता. त्यावर मात्र संचालकांचें एकमत झालें नाहीं.

खुद्द खानदेशांत या इतिहासाच्या दोन्ही बाजू दिसतात. भुसावळजवळ दीपनगर येथें कोळशाचें मोठें वीजकेंद्र आहे. जुने संच मोडीत निघाले तरी ५०० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, व त्यानंतर ६६० मेगावॅटचा संच आला. हजारों कुटुंबांची भाकर त्यावर आहे, आणि राखेचा त्रासहि आसपासच्या गांवांनाच आहे. आतां आपल्या देशांत अशा केंद्रांना पैसा देतात त्या मुख्यतः पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन व ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ या आपल्याच सरकारी वित्तसंस्था. उलट धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र २०१३ मध्यें सुरू झालें, तें जर्मनीच्या सार्वजनिक विकास बँकेच्या साहाय्यानें. म्हणजे पैसा वळवितां येतो. पण इंधन बदललें म्हणजे न्याय आपोआप येतो असेंहि नाहीं. त्याच जिल्ह्यांत विखरण येथें औष्णिक केंद्रासाठीं घेतलेली जमीन पुढें सौर प्रकल्पाकडे वळविण्यांत आली. तिचा योग्य मोबदला मिळाला नाहीं म्हणून एका वृद्ध शेतकऱ्यानें जानेवारी २०१८ मध्यें मुंबईस मंत्रालयांत विष घेतलें व त्यांतच त्याचा अंत झाला.

जळगांवशेजारच्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. रथ ओढावयास असंख्य हात लागतात. पण तो कोठें थांबावा, कोठें वळावा, हें चाकाखालीं लांकडी मोगरी घालणारे थोडे लोक ठरवितात. ते रथाचे वैरी नसतात. रथ कोणाच्या अंगावर जाऊं नये, व तो ज्या वाटेनें जावयाचा त्या वाटेनेंच जावा, एवढ्यासाठींच त्यांची धडपड असते. मणिबेलीच्या लोकांनीं विकासाच्या रथाच्या चाकाखालीं अशी पहिली मोगरी घातली. तिनें रथ थांबला नाहीं, आणि घालणाऱ्यांची घरें बुडालीं. परंतु हें चाक अडवितां येतें, एवढें त्यामुळें जगाला कळलें. पुढें दाभोळ, सिंगरौली व मुंद्रा येथें ज्यांनीं प्रश्न विचारले, त्यांनीं तो कर्ज देणाऱ्यालाच विचारला. ज्या बँकांचें भांडवल आपलें आहे, त्या आपल्याच देशांतील सार्वजनिक बँकांना हाच प्रश्न विचारण्याचें काम अद्याप बहुतेक व्हावयाचें आहे. वॉशिंग्टन दूर होतें, तरी सातपुड्यांतील माणसें तेथवर पोहोंचलीं. दिल्ली व मुंबई त्यामानानें जवळ आहेत.